आधी ओमीन, मग मांस

शेगडी

सप्टेंबर संपता संपता बालवाडीतली शेगडी गेली.

चार तव्यांची ती विजेची शेगडी मॉस्कोचं राज्य होतं तेव्हा आली होती. राज्य गेलं, शेगडी राहिली. तीन तवे एकामागून एक निवृत्त झाले आणि चौथा एकटा कित्येक वर्षं साऱ्या पोरांची लापशी रटरटवत होता. एका सकाळी तो ‘फट्’ म्हणाला आणि जाताना निम्म्या गावाची वीज सोबत घेऊन गेला.

जिल्ह्याच्या शिक्षण खात्याला कळवलं. खात्याने कधी नव्हे ती तत्परता दाखवली. गरम जेवण नसेल तर बालवाडी पूर्ण दिवस चालवता येत नाही, पहिला बर्फ पडायच्या आत शेगडी बसवा, नाहीतर मुलांना अकरा वाजता घरी सोडा, असं उत्तर आलं. शेगडी आणायची कुठून, यावर खात्याने काही लिहिलं नव्हतं. सगळंच खात्याने सांगायचं तर लोकांनी काय करायचं?

मोठ्या गटाची शिक्षिका सायराकान एजे, म्हणजे सायराकानताई, हिने ते उत्तर वाचलं आणि तिला पहिल्यांदा मीर्गुल आठवली. मीर्गुलची आई मॉस्कोत लोकांच्या फरशा पुसते. घरी आजोबा. आजोबा मेंढ्यांमागे जातात ते अंधार पडल्यावर परततात. अकरा वाजता घरी सोडलेली मीर्गुल कुलूप लावलेल्या दाराशी बसणार आणि संध्याकाळपर्यंत खिशातली बिस्किटं मोजत राहणार. शेगडी गेल्यापासून ती रोज दोन बिस्किटं खिशात घालते, हे सायराकानला ठाऊक होतं. कोटाच्या कोणत्या खिशात, हेही.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला बर्फ कुणासाठी थांबत नाही.

कविता (पहिला पाठ)

सायराकान स्वतः याच बालवाडीत पाच वर्षांची होती तेव्हा जेवणानंतर म्हणायची:

*ताटात लापशी वाफाळली,*
*लोण्याची चकती वर पोहली,*
*कुणी दिली? कुणी दिली?*
*भिंतीवरच्या आजोबांनी दिली!*

शेवटच्या ओळीला सगळ्यांनी भिंतीवरच्या टकल्या आजोबांकडे बोट करायचं. आजोबा लापशीकडे बघत नसत. ते दूर कुठेतरी, भविष्याकडे बघत असत.

कविता (दुसरा पाठ)

आजोबांना उतरवलं. खिळा राहिला.

*कुणी दिली? कुणी दिली?*
*अनार मावशीने रांधून दिली!*

अनार म्हणजे बालवाडीची स्वयंपाकीण. हा पाठ खरा होता, म्हणूनच बहुधा कुणाला फारसा आवडला नाही. शिवाय त्या वर्षांत लापशीच अधूनमधून मिळायची, त्यामुळे ती कुणी दिली हा प्रश्न तितकासा निकडीचा नव्हता.

देणगीदार

तोल्कुनबेक याच गावचा. अमेरिकेत शिकागोला मालाचे ट्रक चालवायला गेला, मग स्वतःचे ट्रक घेतले, मग दुसऱ्यांच्या पोरांना ट्रकवर बसवून स्वतः खुर्चीत बसला. आता दर शरद ऋतूत आईला भेटायला येतो. आईसाठी त्याने तीन मजली घर बांधलं आहे. खाली पांढरे गालिचे, वर आणखी पांढरे गालिचे. उपोल आपा, म्हणजे त्याची आई आणि साऱ्या गावाचीच आपा, अजून मागच्या जुन्या खोलीत झोपते. गालिच्यावर पाय ठेवायला तिला भीती वाटते.

बालवाडीच्या संचालिका कुलीपा एजे त्याच्याकडे गेल्या. त्या त्याच्याहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या. तरी ‘तोल्कुन बाइके’ म्हणाल्या, म्हणजे थोरले दादा. शेगडी माणसाचं वय कमी करते.

तोल्कुनबेकने शेगडी कबूल केली. नवीकोरी, सहा तव्यांची, खाली भट्टी. राजधानीत त्याच्या ओळखीच्या दुकानात ती तयारच होती. फक्त एक छोटीशी इच्छा होती.

“एजे, तिकडे माझा शेजारी आहे. त्याची पोरं जेवायला बसली की हात जोडतात, डोळे मिटतात आणि देवाचे आभार मानतात. इवलीइवलीशी पोरं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आपली पोरं? बसली की तुटून पडतात, लांडग्यासारखी.”

“अगदी खरं, बाइके,” कुलीपा म्हणाल्या.

“मला पोरांनी माझे आभार मानायला नको आहेत. मी कोण? देवाचे मानू देत. मी फक्त फोनवर चित्रित करून तिकडच्या मित्रांना पाठवीन. मी बोकड कापतो, गावातल्या मोठ्यांना बोलवा, मीच प्रार्थना म्हणतो.”

“अगदी खरं.”

सायराकान सोबत होती. कुठेही सोबत असली की तिचं तोंड उघडायचंच.

“भाऊ, पण आपल्यात आभार नंतर मानतात. जेवण झालं, मोठ्यांनी हात पसरले, आशीर्वाद दिला, सगळ्यांनी ‘ओमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवले, की अंथरलेला दस्तरखान बंद. मग कुणी घास उचलत नाही. उठतात सगळे.”

“तेच तर चुकतं, एजे! पोट भरल्यावर कोण मनापासून आभार मानतं? आभार आधी.”

“अगदी खरं,” कुलीपा म्हणाल्या आणि खालून सायराकानच्या पायावर पाय दिला.

मशिदीतल्या मुल्लाला विचारलं. तो भला माणूस. आधी म्हणाला, “जेवणाआधी देवाचं नाव घ्यावं, जेवणानंतर आभार मानावेत, असं आहे.” मग म्हणाला, “शेगडी कोण देतंय?”

“तोल्कुनबेक.”

मुल्लाने पायांखालच्या नव्या गालिच्याकडे पाहिलं. तोही तोल्कुनबेकनेच दिला होता.

“आधी मानले तरी देव काही रागावणार नाही,” तो म्हणाला.

कविता (तिसरा पाठ)

*कुणी दिली? कुणी दिली?*
*वरती बसल्या देवाने दिली!*

सायराकानने एका दुपारीच पाठ बसवला. चाल तीच, हातवारे तेच. बोट फक्त भिंतीपेक्षा थोडं वर न्यायचं. तरी निम्मी पोरं खिळ्याकडेच बोट करत होती. त्या खिळ्यावर आता घड्याळ टांगलेलं असतं.

“एजे, देव घड्याळात असतो?”

“वर. घड्याळाच्या वर.”

“वर तर पाण्याचा डाग आहे.”

“डागाच्याही वर.”

मग प्रत्येकाने आपल्या मनाने एकेक आभार मानायचे, अशी तोल्कुनबेकची सूचना होती. त्याच्या शेजाऱ्याची पोरं तसं करत.

“देवा, शेगडी जळाली म्हणून लापशी नाही, त्याबद्दल आभार.”

“असं नाही म्हणायचं, राजा.”

“देवा, सूपमध्ये कांदा दिला नाहीस त्याबद्दल आभार.”

“देवा, बहिणीचा दात दुखतोय म्हणून तिची पोळी मला मिळाली त्याबद्दल आभार.”

मीर्गुलची पाळी आली.

“कशाबद्दल मानू?”

“जेवणाबद्दल.”

“कुठल्या?”

सायराकानने तिला पुढच्या ओळीला नेऊन बसवलं आणि कविता तूच म्हणायचीस असं सांगितलं. आवाज खणखणीत होता तिचा. आणि प्रश्नांना उत्तर द्यायचं नसलं की मूल पुढच्या ओळीत बसवावं, हे बालवाडीत सगळ्यांनाच माहीत असतं.

तालीम

पहिला दिवस. रिकामी ताटं. हात पसरले. “ओमीन!” तोंडावरून हात फिरवले. सगळी पोरं उठली आणि बूट घालू लागली.

“बसा! अजून जेवायचंय!”

“पण ओमीन झालं ना, एजे.”

“झालं. आता खायचं.”

पोरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्याने आधी आंघोळ करा आणि मग पाणी तापवा म्हटल्यावर बघावं. घरी ओमीननंतर हात पुढे केला की आजीचा चमचा बोटांवर बसतो. चार-पाच वर्षांच्या आयुष्यात त्यांना पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टी मोजक्याच. पाव उलटा ठेवू नये, चुलीत थुंकू नये, ओमीन म्हणजे संपलं. त्यातली एक एजे आज मोडायला सांगत होत्या. तीही देवासाठी.

दुसरा दिवस. तेच. बूट.

तिसऱ्या दिवशी सायराकानने जगातल्या सगळ्या शिक्षणाचं मूळ गुपित वापरलं. ओमीननंतर जो बसून राहील त्याला बिस्किट. पोरं खिळल्यासारखी बसली. एक तर ओमीन व्हायच्या आधीपासूनच बसून होतं आणि ओमीन झाल्यावरही हात पुढे करून बसलं.

“पाहिलंत?” कुलीपा म्हणाल्या. “श्रद्धा हळूहळू रुजते.”

“बिस्किटं संपत आलीत,” अनार आतून ओरडली.

सायराकानला रात्री स्वप्न पडलं नाही, देवाचा आवाज आला नाही. फक्त पहाटेच जाग आली आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. सकाळी डोंगरमाथे पांढरे दिसले. खाली उतरायला बर्फाला आता फार वेळ लागणार नव्हता.

तो दिवस: कोण कुठे बसलं

बालवाडीच्या खोलीत वरच्या टोकाला, मानाच्या जागी, पांढऱ्या दाढ्या. त्यांच्यात उपोल आपा, कारण तिच्याहून वयाने मोठं गावात कुणी उरलं नव्हतं. डावीकडे मुल्ला. उजवीकडे तोल्कुनबेक, काठीला लावलेला फोन समोर. खालच्या बाजूला पोरं, धुऊन पुसून, केसांना पाणी लावून. मध्ये जमिनीवर लांबलचक दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, त्यावर बोर्सोकचे, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे, ढीग, लोणी, जर्दाळूचा मुरंबा आणि तीन परातींत शेवयांवर रचलेलं बोकडाचं मांस. अनारने ते पहाटेपासून तोल्कुनबेकच्या अंगणातल्या कढईत शिजवलं होतं.

वाफ येत होती. मीर्गुल वाफेकडे बघत होती. बाकी कुठेच नाही.

कविता झाली. खणखणीत. ‘वरती बसल्या देवाने’ला सगळी बोटं डागाच्याही वर गेली. एक तेवढं घड्याळाकडे गेलं. तोल्कुनबेकच्या डोळ्यांत पाणी आलं. फोन बरोबर त्याच्या डोळ्यांवर होता.

मग त्याने हात पसरले. सगळ्यांनी पसरले.

त्याने देवाचे आभार मानले. अन्नाबद्दल. मग रस्त्यांबद्दल. मग शिकागोतल्या पहिल्या ट्रकबद्दल, दुसऱ्या ट्रकबद्दल, इंजिन बंद पडलं तेव्हा भेटलेल्या एका देवमाणसाबद्दल, ज्याचं नाव त्याला आत्ता आठवत नव्हतं. आठवायला तो थांबला. वाफ विरळ झाली. मांसावरची चरबी गोठून पांढरी पडू लागली. एका पांढऱ्या दाढीने डोळे मिटले ते भक्तीने की कशाने, कळायला मार्ग नव्हता. मीर्गुलच्या पसरलेल्या हातांवरून, बोटांच्या फटीतून, मांसाची एक फोड बरोबर दिसत होती. ती त्या फोडीवर पाळत ठेवून होती.

“...आणि या लेकरांना गरम जेवण देणाऱ्या शेगडीबद्दल. ओमीन!”

“ओमीन!”

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

आणि उपोल आपा उठली.

ती उठली, कारण सत्तरहून जास्त वर्षं ओमीननंतर ती उठतच आली होती. ती उठल्यावर पांढऱ्या दाढ्या बसून राहतील होय? त्या उठल्या. मुल्ला क्षणभर गालिच्याचा आणि देवाचा हिशोब करत घुटमळला आणि उठला. मोठे उठले तसा पोरांवरचा बिस्किटांचा अंमल एका क्षणात उतरला. सगळी उठली, बुटांकडे धावली.

“अरे बसा! बसा ना! आपा, कुठे चाललीस?” तोल्कुनबेक उभा राहून हात हलवू लागला. फोन हे सगळं इमानेइतबारे टिपत होता.

“झालं ना ओमीन,” एक म्हातारा म्हणाला. “देव तुझं भलं करो, बाळा. फार थोडक्यात आटोपलंस जेवण.”

“अहो, आता जेवायचंय!”

“ओमीननंतर?” म्हाताऱ्याने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. तिकडे राहून पोराला काहीतरी झालं असावं.

मग त्याने कोटातून घडी केलेली प्लास्टिकची पिशवी काढली. दुसऱ्यानेही काढली. ओमीननंतर खाऊ नये असा रिवाज आहे. आपला वाटा घरी नेऊ नये असा नाही. पाहुणा म्हणून जाताना खिशात पिशवी असणं, हे आमच्याकडे सभ्यतेचं लक्षण आहे. बघता बघता परातींभोवती पिशव्यांची कुजबुज सुरू झाली.

फक्त एक जण बसून होतं. मीर्गुल. मांडीवर हात, नजर फोडीवर. तिला सांगितलं होतं की बसून राहायचं.

उपोल आपा विचारते

“तू का गं बसलीस, बाळ?”

“आता खायचंय.”

“ओमीन झालं की.”

“आधी ओमीन, मग मांस.” मीर्गुलने पाठ म्हणून दाखवावा तसं सांगितलं.

पिशव्या थांबल्या.

“कुणी शिकवलं हे तुला?”

“एजेंनी.”

साऱ्या खोलीने सायराकानकडे पाहिलं. कुलीपा एजेंनी पाण्याच्या डागाकडे पाहिलं.

सायराकानला दोनच रस्ते दिसले. खरं सांगावं तर तोल्कुनबेक सगळ्यांसमोर पडेल, शेगडी जाईल, अकराचं कुलूप. खोटं सांगावं तर गावातल्या पोरांना उलटं वळण लावणारी बाई म्हणून तिची कायमची नोंद होईल. तिने अजून बसलेल्या मीर्गुलकडे पाहिलं.

“मीच शिकवलं, आपा. चुकलं माझं.”

“तू?” उपोल आपा तिच्या जवळ आली. “तुझ्या सासूच्या हाताखाली बारा माणसांचा दस्तरखान वाढायचीस तू. चहा पेल्यात अर्ध्याच्या वर गेला तर पाहुण्याला ‘जा’ म्हटल्यासारखं होईल म्हणून लाजायचीस. आणि तू शिकवणार?”

“वय झालं, आपा. विसरले.”

“एजे विसरल्या नाहीत,” मीर्गुल म्हणाली. एजेंना कुणी रागवत असलेलं तिला आवडलं नव्हतं. “अमेरिकेत असंच असतं. एजेंनीच सांगितलं. तिकडे आधी ओमीन, मग मांस.”

गावात अमेरिकेहून आलेला माणूस एकच होता. त्यामुळे माना वळायला फार लांब जावं लागलं नाही.

“आपा, तिथे चांगली माणसंसुद्धा...” तोल्कुनबेकने सुरुवात केली.

“फोन बंद कर.”

“आपा...”

“बंद कर म्हटलं! कुणाला दाखवणार आहेस? की माझ्या लेकाने भुकेल्या पोरांच्या तोंडावर दस्तरखान बंद केला?” आता ती हळू बोलू लागली. तोल्कुनबेकच्या कपाळावर घाम आला. ती ओरडायची तेव्हा तो घाबरत नसे. “माझ्या आयुष्यात मी उपाशी माणसाला ओमीन म्हणताना पाहिलं नाही. उपाशी पोर ओमीन म्हणालं की त्या घरची बरकत उठते. ट्रकचं चाक निघेल, चाक!”

ट्रकचं नाव निघताच तोल्कुनबेकने फोन बंद केला. शिकागोहून आल्यावरही काही गोष्टी माणसाच्या पोटात तशाच राहतात.

“मग काय करायचं, आपा?” त्याने विचारलं. हा त्या दिवसातला त्याचा पहिला समंजस प्रश्न होता.

“बंद केलेला दस्तरखान उघडत नाहीत. दुसरा घालायचा. ज्याने बंद केला त्याच्या घरी. पिशव्या खिशात घाला रे सगळ्यांनी! अनार, पराती उचल.”

पांढरे गालिचे

गेले सगळे. पुढे उपोल आपा, मागे पराती, मागे पोरं, मागे पिशव्या. शेवटी फोनची काठी काखोटीला मारून तोल्कुनबेक.

मांस पुन्हा तापवलं. पोरं पांढऱ्या गालिच्यावर बसली आणि लांडग्यासारखी तुटून पडली. रस्सा सांडला. मुरंबा सांडला. कुणीतरी बोर्सोक गालिच्यालाच पुसला. उपोल आपा आपल्या घरच्या गालिच्यावर पहिल्यांदाच मांडी घालून निवांत बसली.

मीर्गुलने ती फोड शोधून काढली. तीच होती की दुसरी, कुणास ठाऊक. खाताना ती एकदाही वर पाहत नव्हती. देवाकडे नाही आणि डागाकडेही नाही. इथे डाग खाली, गालिच्यावर होते. शेवटचा घास झाल्यावर उपोल आपाने हात पसरले. मोजून एका श्वासात आशीर्वाद दिला.

“पोटं भरली, मनं भरोत. ओमीन.”

मग मुलाकडे वळून म्हणाली, “आणि त्यांच्या चुलीत विस्तव येईपर्यंत ही पोरं रोज इथेच जेवतील. तू बंद केलंस, तूच उघड.”

“रोज?”

“देव रोज देतो ना? तूच म्हणालास. एवढं लांबलचक म्हणालास.”

दुसऱ्या दिवशी पोरं आली. तिसऱ्या दिवशी धाकट्या गटाचीही आली, ज्यांना अजून चड्डीची सवय नव्हती. त्याच संध्याकाळी तोल्कुनबेकने राजधानीतल्या दुकानाला फोन केला आणि शेगडी रातोरात निघाली. फीत नको, भाषण नको, कविता तर नकोच. बर्फाच्या आधी ती बसली. सहा तवे, खाली भट्टी. खात्याने बालवाडीचं अभिनंदन केलं. खात्याच्या पाठपुराव्याला यश आलं होतं.

पहिलं गरम जेवण

रव्याची लापशी.

वर लोण्याची चकती. कडेने साय धरलेली.

सायराकानने सगळ्यांना वाढलं आणि डाव हातात घेऊन उभी राहिली. वाफ होती. आता कुणाला अकराला घरी जावं लागणार नव्हतं. तिच्या मनात आलं, आज खरंच कुणाचे तरी आभार मानावेत. मोठ्याने नको. अनार ऐकेल आणि हसेल.

पोरांनी लापशीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

मीर्गुलने शांतपणे दोन्ही हात पसरले.

“ओमीन,” ती म्हणाली.

“ओमीन!” सगळा वर्ग म्हणाला. तोंडावरून हात फिरवले आणि सगळे उठले.

“काय चाललंय? बसा! एक चमचाही खाल्ला नाही अजून!”

“दस्तरखान बंद झाला, एजे,” मीर्गुल बूट चढवत म्हणाली. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. “बंद झाला की उघडत नाहीत. आता उपोल आपाकडे जायचं. मांस असतं तिथे.”

रांग दारापर्यंत पोचली होती. बाहेर फाटकाशी तोल्कुनबेकची गाडी येऊन थांबली. दिलेली शेगडी कशी चालते ते बघायला तो आला असावा. फोनची काठी खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. त्याने रांग पाहिली. पुढे मीर्गुल, बूट उलटे, चेहरा ठाम, पाय त्याच्या घराच्या दिशेने.

काठी आत गेली. काच वर गेली. गाडीने आजवर फक्त महामार्गांवर दिसणाऱ्या चपळाईने वळण घेतलं.

“बघितलंत?” सायराकान म्हणाली. “पळाले. आज तिथे कुणी नाही. चला आत.”

मीर्गुलने धुळीकडे बराच वेळ पाहिलं. मग बूट काढले.

“मग नवा दस्तरखान घाला,” ती म्हणाली. “हा बंद झालाय.”

सायराकानने दस्तरखान उचलला, झटकला, उलटा करून पुन्हा पसरला आणि त्यावर त्याच ताटल्या मांडल्या. मीर्गुलने कापडाचे काठ तपासले, समाधान झाल्यावर मांडी घातली आणि साय बोटाने बाजूला सारून लापशी खाऊ लागली. ताटली चाटूनपुसून झाली. मग तिने ती पुढे केली.

“आणखी आहे?”

होती.

मीर्गुलच्या कोटाचा खिसा सायराकानने दुपारी, सगळी पोरं झोपल्यावर, चाचपून पाहिला. रिकामा होता.